आधी अर्ज, मग प्रदर्शन: वैद्यकीय उपकरण किंवा नेटवर्क सुरक्षेतल्या शोधाचं पेटंट गोव्यातून कसं घ्यायचं

गोव्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पाहिले तर दोन विषय हमखास सापडतात. एक, रुग्णाच्या उपयोगी पडणारं एखादं छोटं यंत्र. दुसरा, नेटवर्कची राखण. आता हे दोन विषय एकमेकांत मिसळू लागले आहेत. हृदयविकाराच्या झटक्यावर लवकर उपचार व्हावेत म्हणून चालणाऱ्या स्टेमी गोवा प्रकल्पात गावच्या आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी नेटवर्कवरून बांबोळीला गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या) हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत पोचतो. यंत्र असं नेटवर्कला जोडलं की उपचार लवकर मिळतो, पण त्याच वाटेने नको तो माणूसही आत शिरू शकतो. अमेरिकेत २०१७ साली सुमारे ४,६५,००० पेसमेकरांच्या फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) सुरक्षेची दुरुस्ती करावी लागली, ती याच भीतीने.

या क्षेत्रात आपल्या मुलांची डोकी चांगली चालतात. बॅटरीवर चालणारं, क्षयरोगाचं निदान करणारं ट्रूनॅट हे यंत्र वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याच्या वापराची शिफारस केली. कल्पनांची वाण नाही. अडतं ते क्रमावर: यंत्र आधी सगळ्यांना दाखवलं जातं आणि पेटंटचा विचार नंतर होतो. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने वाचा.

पायरी १: अर्ज होईपर्यंत कुणाला दाखवू नका

भारतात पेटंट मिळण्यासाठी शोध जगात कुठेही आधी प्रसिद्ध झालेला नसावा लागतो. ‘प्रसिद्ध’ याचा अर्थ फार व्यापक आहे. कॉलेजच्या टेक-फेस्टमध्ये मांडलेलं मॉडेल, यूट्यूबवरचा व्हिडिओ, परिषदेतला निबंध, गिटहबवर खुला केलेला कोड, दैनिकात यंत्राच्या वर्णनासह आलेली बातमी, हे सगळं त्यात येतं. गोवा लहान आहे. विद्यार्थ्यांनी काही वेगळं केलं की वार्ताहर येतो, फोटो छापून येतो, आमदार कौतुक करतात. हे कौतुक अर्ज केल्यानंतर झालं तर उत्तमच. आधी झालं, तर पेटंट कार्यालयाचा परीक्षक तीच बातमी तुमच्यापुढे ठेवू शकतो.

कायद्यात १२ महिन्यांची एक सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्याच प्रसंगांना लागू होते. कॉलेजच्या साध्या प्रदर्शनाला तिचा आधार मिळत नाही. तिच्या भरवशावर राहूच नका.

या चुकीची किंमत मोठमोठ्यांनीही मोजली आहे. आज बँकेच्या व्यवहारांपासून ईमेलपर्यंत सर्वत्र ओळखीची असलेली आरएसए ही कूटपद्धत (संदेश गुप्त करण्याची रीत) रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी शोधली. तिची माहिती १९७७ च्या ऑगस्टमध्ये एका विज्ञान मासिकात आली आणि पेटंटचा अर्ज त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये झाला. अमेरिकेत प्रसिद्धीनंतर वर्षभराची मुभा होती, म्हणून तिथे १९८३ साली पेटंट मिळालं. बाकीच्या बहुतेक देशांचे दरवाजे मात्र आधीच बंद झाले होते.

दुसरी गोष्ट वेगाची. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेल्या पल्स ऑक्सिमीटरचं मूळ तत्त्व जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी शोधलं. त्यांच्या निहोन कोहदेन कंपनीने २९ मार्च १९७४ रोजी अर्ज केला. मिनोल्टा या दुसऱ्या जपानी कंपनीने तसाच अर्ज केला २४ एप्रिलला. महिनाही उलटला नव्हता. अर्जाला केलेला उशीर असा महागात पडू शकतो.

डॉक्टरांशी, सिस्टरांशी, सुटे भाग करून देणाऱ्या वर्कशॉपशी बोलावं तर लागणारच. त्यांच्याकडून गुप्ततेच्या साध्या करारावर सही घ्या. ओळखीच्या माणसाकडे सही मागायला संकोच वाटतो, हे खरं. तरीही मागा. समजूतदार डॉक्टर त्याचा राग धरत नाहीत.

पायरी २: आधी कुणी केलंय का, ते शोधा

हे काम घरबसल्या आणि फुकट होतं. गूगल पेटंट्स, युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पासनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप आणि भारतीय कार्यालयाचं इनपास अशी चार ठिकाणं आहेत. चारही बघा, कारण भारतात दाखल झालेला अर्ज कधी कधी इनपासमध्येच नीट सापडतो.

नुसत्या शब्दांनी शोधू नका. एकाच वस्तूला प्रत्येक अर्जदार वेगळं नाव देतो. पेटंटांचे वर्ग ठरलेले असतात, त्यांनी शोधा. रोगनिदान आणि शस्त्रक्रियेची साधनं ए६१बी या वर्गात, शरीरात द्रव किंवा औषध सोडणारी साधनं ए६१एम मध्ये, आरोग्यमाहितीच्या प्रणाली जी१६एच मध्ये. नेटवर्क सुरक्षेसाठी एच०४एल ६३, कूटशास्त्रासाठी एच०४एल ९, बिनतारी जोडणीच्या सुरक्षेसाठी एच०४डब्ल्यू १२ आणि संगणकाच्या आतल्या सुरक्षेसाठी जी०६एफ २१. तुमचा शोध दोन क्षेत्रांत पाय ठेवून असेल तर दोन्हीकडचे वर्ग एकत्र टाकून बघा. तिथली गर्दी विरळ असते आणि मोकळी जागा तिथेच दिसते.

शोधताना दोन जुनी पेटंटं वाचायला म्हणून उतरवून घ्या. विल्सन ग्रेटबॅच यांच्या शरीरात बसवायच्या पेसमेकरचं १९६२ चं अमेरिकन पेटंट, क्रमांक ३०५७३५६. आणि चेकपॉइंट या नेटवर्क सुरक्षा कंपनीच्या गिल श्वेद यांचं फायरवॉलविषयीचं १९९७ चं पेटंट, क्रमांक ५६०६६६८. दोन्हींची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे त्यांतलं ज्ञान कुणालाही वापरता येतं. पहिल्यात विद्युतमंडल किती नेमकेपणाने शब्दांत बसवलंय ते पाहा. दुसऱ्यात सॉफ्टवेअरचं काम नेटवर्कमधल्या ठरावीक ठिकाणी, ठरावीक पॅकेटांवर (माहितीच्या तुकड्यांवर) काय घडतं या भाषेत कसं सांगितलंय, ते पाहा.

पायरी ३: कलम ३ ची दोन दारं

पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ मध्ये ज्या गोष्टी शोध मानल्या जात नाहीत त्यांची यादी आहे. आपल्या दोन क्षेत्रांना त्यातली दोन उपकलमं थेट आडवी येतात.

कलम ३ (के) म्हणतं की गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. नेटवर्क सुरक्षेचे बरेच अर्ज इथे अडतात. मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये फरीद अलानी प्रकरणात स्पष्ट केलं की शोधामुळे तांत्रिक परिणाम घडत असेल किंवा तांत्रिक भर पडत असेल, तर तो प्रोग्रॅमवर आधारलेला आहे एवढ्याच कारणाने नाकारता येणार नाही. म्हणून मोजमाप करा. तुमच्या पद्धतीने हल्ला ओळखायला किती कमी वेळ लागतो, स्मृती किती वाचते, संवेदकाची बॅटरी किती जास्त टिकते, हे जुन्या पद्धतीशेजारी ठेवून आकड्यांत लिहा. ‘अधिक सुरक्षित’ या दोन शब्दांनी परीक्षकाचं समाधान होत नाही.

कलम ३ (आय) माणसावरच्या उपचाराची, शस्त्रक्रियेची आणि निदानाची प्रक्रिया वगळतं. उपकरण वगळत नाही. त्यामुळे ‘रुग्णाला अमुक प्रकारे सलाइन देण्याची पद्धत’ असा दावा (नेमकं काय आपलं, हे सांगणारं अर्जातलं वाक्य) पडेल; सलाइनवर बसवायच्या यंत्राचा दावा उभा राहू शकेल.

नेटवर्कवाल्या मुलांना एक शंका नेहमी छळते: पेटंट प्रसिद्ध झालं की सगळी युक्ती उघडी पडणार, मग सुरक्षा कसली? कूटशास्त्रज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली याचं उत्तर देऊन ठेवलंय. चांगली कूटपद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालायला हवी. गुपित फक्त किल्लीत असावं. तुमची पद्धत उघड होताच मोडत असेल, तर अडचण पेटंटची नाही, पद्धतीची आहे. वेगळा प्रश्न असा की शोध पूर्णपणे कुणाच्या तरी सर्व्हरच्या पोटात चालणार असेल, तर नक्कल झाल्याचं तुम्हाला कळणार कसं? अशा वेळी पेटंटपेक्षा व्यापारी गुपित म्हणून जपणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

पायरी ४: मालक कोण, हे आधीच कागदावर

यंत्र तीन विद्यार्थ्यांनी केलं, मार्गदर्शन प्राध्यापकांचं, अडचण सांगितली गोमेकॉतल्या डॉक्टरांनी, प्रयोगशाळा कॉलेजची. शोधक कोण? उपायाच्या कल्पनेत ज्याचा वाटा आहे तो. नुसती अडचण सांगणारा किंवा नुसतं सोल्डरिंग करून देणारा शोधक ठरत नाही. विभागप्रमुखांचं नाव मान म्हणून घालायची रीत इथे सोडून द्यावी. खऱ्या शोधकाचं नाव गाळणं तर त्याहून वाईट.

अर्जदार, म्हणजे मालक, शोधकांपेक्षा वेगळा असू शकतो. कॉलेजच्या नावाने अर्ज जाणार असेल तर शोधकांचं लेखी हस्तांतरण लागतं. एकाहून अधिक मालक असले तर कलम ५० नीट वाचा. वेगळा करार नसेल तर प्रत्येकाचा हिस्सा समान. प्रत्येक जण शोध स्वतः वापरू शकतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्याला देणं लागत नाही. पण बाकीच्यांच्या संमतीशिवाय कुणालाही लायसन्स देता येत नाही. म्हणजे पाच मित्रांपैकी एक जण परदेशी गेला आणि फोन उचलेनासा झाला, की सगळा व्यवहार अडतो. चहा पिताना ठरलेलं त्याच दिवशी कागदावर उतरवा.

पायरी ५: प्रोव्हिजनल अर्ज

यंत्र अजून पुरं झालं नसेल पण कल्पना पक्की असेल, तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा. त्यात दावे लागत नाहीत. अर्जाची तारीख मिळते, आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. ही मुदत वाढत नाही.

पण अर्ध्या पानाचा प्रोव्हिजनल बिनकामाचा. त्यात जे उलगडून लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख लागू होते. आकृत्या घाला, पर्यायी रचना घाला, आज फक्त डोक्यात असलेले दोन-तीन मार्गही लिहा.

गोवा पेटंट कार्यालयाच्या मुंबई शाखेखाली येतो, पण त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. अर्ज ऑनलाइन जातो, सुनावणीही व्हिडिओवरून होते. फॉर्म १ हा अर्ज, फॉर्म २ हे शोधाचं वर्णन. पेटंट एजंट (तुमच्या वतीने अर्जाचं काम बघणारा जाणकार) नेमला तर फॉर्म २६. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा शैक्षणिक संस्था असेल तर सवलतीसाठी फॉर्म २८. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. वर्णन ३० पानांपेक्षा किंवा दावे १० पेक्षा जास्त झाले तर वाढीव शुल्क पडतं.

पायरी ६: दावे लिहिणं

खरं काम इथे आहे. दावा म्हणजे सर्व्हे प्लॅनवरची हद्द: आतलं तुमचं, बाहेरचं जगाचं. वर्णन कितीही सुंदर असो, जे दाव्यात नाही ते तुमचं नाही.

एक उदाहरण घेऊन बघू. सलाइन संपत आली की सिस्टरना इशारा देणारं यंत्र करायचंय. ‘सलाइन संपत आल्यावर मोबाइलवर संदेश पाठवणारं ॲप’ असा दावा लिहिला तर तो दोन्ही बाजूंनी कोसळतो. कल्पना जुनी आहे आणि शब्द प्रोग्रॅमचे आहेत.

मग वॉर्डात उभं राहून बघा, नेमकं काय अडतं. ५०० मिलीची बाटली चार तासांत द्यायची, सेट २० थेंबांना १ मिलीचा. म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. शेजारच्या खाटेवरही तीच बाटली, तोच वेग. ड्रिप चेंबरवर थेंब मोजणारा संवेदक आहे आणि नळी दाबून वेग कमीजास्त करणारा छोटा क्लॅम्प आहे, दोन्ही बिनतारी. खाट क्रमांक ६ चा संवेदक चुकून खाट ७ च्या क्लॅम्पशी जोडला गेला तर एकाच्या थेंबांवरून दुसऱ्याचा वेग बदलेल. आणि बाहेरच्या कुणी खोटा संवेदक असल्याचं भासवलं, तरी तेच होईल.

आता उपाय. क्लॅम्पने काही सेकंद यादृच्छिक (आधी ओळखता न येणाऱ्या) क्रमाने नळी किंचित दाबावी आणि सोडावी, पण एकूण वेग डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत ठेवावा. त्याच नळीवरच्या संवेदकाला थेंबांमधल्या अंतरात तो क्रम दिसेल, शेजारच्या खाटेवरच्याला दिसणार नाही. क्रम जुळला तरच जोडणी होईल.

सुरक्षेचा जाणकार इथे लगेच विचारेल की थेंब तर कुणालाही दिसतात, कॅमेऱ्यानेही टिपता येतात, मग ते गुपित कसे? बरोबर आहे. म्हणून थेंबांपासून किल्ली बनवायची नाही. किल्ली डिफी-हेलमन पद्धतीने (उघड्या वाटेवरूनही दोघांना एकच गुप्त किल्ली ठरवता येते ती पद्धत) ठरवायची आणि थेंबांचा क्रम फक्त ‘मी याच नळीवर आहे’ याचा पुरावा म्हणून त्या देवाणघेवाणीशी बांधायचा. हा आक्षेप तुम्हीच शोधून त्याचं उत्तर वर्णनात लिहिलंत, तर परीक्षकाच्या पुढच्या प्रश्नाची अर्धी तयारी झाली.

दावा साधारण असा होईल: ‘शिरेतून द्रव देण्याच्या संचासाठी उपकरण, ज्यात ड्रिप चेंबरवर बसणारा, प्रत्येक थेंबाची वेळ नोंदवणारा प्रकाशीय संवेदक, त्याच संचाच्या नळीवर बसणारा विजेवर चालणारा क्लॅम्प, आणि एक नियंत्रक आहे, जो क्लॅम्पमार्फत प्रवाहात यादृच्छिक बदलांचा क्रम घडवतो, संवेदकाकडून बिनतारी मिळालेल्या नोंदींशी तो ताडून बघतो, आणि दोन्ही ठरावीक मर्यादेत जुळल्यासच त्या संवेदकाच्या संदेशांवरून क्लॅम्पचा वेग बदलू देतो.’ यात ॲप नाही, रुग्ण नाही, उपचार नाही. संवेदक आहे, क्लॅम्प आहे, प्रवाह आहे. त्यानंतरच्या दाव्यांत तपशील एकेक पायरीने अरुंद करत जा: बदलांची मर्यादा किती, क्रम किती वेळाने पुन्हा तपासायचा, जोडणी तुटली तर क्लॅम्पने काय करायचं. शेवटचा मुद्दा रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे, तो विसरू नका. (हे उदाहरण इथे छापलं गेल्यामुळे आता ते कुणालाही नवं म्हणून मागता येणार नाही.)

भाषा इंग्रजी किंवा हिंदी लागते, पण विचार मराठीत करून घ्या. ‘हा शब्द काढला तर काय बिघडतं?’ हा प्रश्न दाव्यातल्या प्रत्येक शब्दाला विचारा. काही बिघडत नसेल तर तो शब्द हद्द विनाकारण आत ओढतोय. या पायरीला पेटंट एजंटवर खर्च करा, बाकी ठिकाणी वाचवा. स्टार्टअपच्या बौद्धिक संपदेसाठी असलेल्या केंद्राच्या एसआयपीपी योजनेत मान्यताप्राप्त सुविधादात्याची फी सरकार भरतं. फातोर्ड्याचं फायर किंवा वेर्ण्याचं सिबा अशा इनक्युबेटरमध्येही (नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्रांतही) त्याबद्दल विचारा.

पायरी ७: परीक्षण

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. लवकर हवा असेल तर फॉर्म ९. परीक्षण आपोआप होत नाही. फॉर्म १८ भरून मागावं लागतं, तेही पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांच्या आत. २०२४ च्या नियमबदलाआधी ही मुदत ४८ महिने होती, त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबू नका. ही मुदत चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरतात.

घाई असेल तर जलद परीक्षणासाठी फॉर्म १८ए आहे. स्टार्टअपना तो मिळतो, आणि व्यक्तींनी केलेल्या अर्जात एक जरी अर्जदार महिला असेल तरी मिळतो. आपल्या प्रकल्पांच्या गटांत मुली कितीतरी असतात. ही सोय त्यांच्या हक्काची आहे.

मग पहिला परीक्षण अहवाल येतो. तो बघून घाबरू नका; आक्षेप जवळजवळ प्रत्येक अर्जावर येतात. उत्तराला सहा महिने, मागितल्यास आणखी तीन. परीक्षकाने दाखवलेलं प्रत्येक जुनं पेटंट स्वतः वाचा आणि तुमच्या दाव्यातला कोणता भाग त्यात नाही ते ओळीचा दाखला देऊन सांगा.

परदेशात आणि बाजारात

भारतीय पेटंट भारतापुरतंच. बाहेर जायचं असेल तर पहिल्या तारखेपासून १२ महिन्यांत पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) करा. भारतात राहणाऱ्याला थेट परदेशात अर्ज करायचा तर कलम ३९ प्रमाणे आधी परवानगी लागते, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. कूटशास्त्राचा शोध संरक्षणाशी जोडला जाऊ शकतो, म्हणून हे कलम तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागू आहे.

पेटंट दुसऱ्याला थांबवण्याचा हक्क देतं. यंत्र बनवून विकायचा परवाना देत नाही. त्यासाठी वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आहेत. जोखमीनुसार उपकरणांचे ए, बी, सी, डी असे वर्ग पडतात. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो, म्हणजे आपल्यासाठी बांबोळीहून. वरच्या दोन वर्गांसाठी सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे जावं लागतं. चाचणीपुरती यंत्रं बनवायलाही एमडी-१२ अर्जाने परवाना घ्यावा लागतो आणि रुग्णांवर चाचणी करायची तर रुग्णालयाच्या नैतिकता समितीची संमती हवी. ही तयारी पेटंटच्या परीक्षणाची वाट बघतानाच सुरू करा.

पेटंट मिळालं की अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं ते टिकतं, पण नूतनीकरण शुल्क दर वर्षी भरावं लागतं. तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी व्यक्तींना वर्षाला ८०० रुपये, पुढे वाढत जातं. परीक्षणात गेलेल्या वर्षांची थकबाकी पेटंट मिळाल्यावर तीन महिन्यांत भरायची असते. तारीख चुकली तर सहा महिन्यांपर्यंत दंडासह भरता येतं. तेही राहिलं तर पेटंट बंद पडतं आणि ते पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज बंद पडल्यापासून १८ महिन्यांच्या आत करावा लागतो. प्रकल्प संपून मुलं नोकरीला लागलेली असतात, कॉलेजचा ईमेल बंद झालेला असतो आणि स्मरणपत्र त्याच पत्त्यावर जात राहतं. म्हणून फॉर्ममध्ये असा पत्ता आणि असा फोन द्या, जो दहा वर्षांनीही तुमचाच असेल.